किल्ली कुणाकडे ठेवता?

वरच्या मजल्यावरच्या मुलींकडे रविवारी कोण आलं होतं, हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत असतं. पण समोरच्या फ्लॅटमधल्या काकू बाथरूममध्ये घसरून पडल्या, हे मात्र दुसऱ्या दिवशी कामवाल्या मावशींकडून कळतं! शेजाऱ्यांवर लक्ष ठेवायचं, की त्यांना त्यांच्या घरात सुखानं राहू द्यायचं? की दोन्ही जमवता येतं?

सोलापुरात कुणाचं घर शोधायचं असेल तर फ्लॅट नंबरची फारशी गरज पडत नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नाव सांगायचं. दुकानदार पुडी बांधता बांधता हातानं दिशा दाखवतो आणि वर सांगतो, 'आता नाहीत ओ घरी. वैनी माहेरी गेल्यात, साहेब आठशिवाय येत नाहीत.' आपण विचारला होता पत्ता, मिळालं अख्खं वेळापत्रक!

पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना याचं केवढं कौतुक. 'किती आपुलकी आहे ना तुमच्याकडे!' आहेच मुळी. पण जरा विचार करा. विचारणारा पाहुणा नसून बंद घर हेरत फिरणारा कुणी असता तर? किंवा एखादी मुलगी ज्याला टाळण्यासाठी घर बदलून इकडे आलीय, नेमका तोच असता तर? दुकानदाराच्या मनात काही वाईट नव्हतं, तरी त्यानं घराचं कुलूप अर्धं उघडूनच दिलं की!

आपल्या पिढीची गंमत अशी की आपल्याला दोन्ही गोष्टी हव्या असतात. ऑफिसमधून रात्री अकराला आलो तर जिन्यात कुणी 'एवढा उशीर?' असं विचारू नये. आणि त्याच जिन्यात कुणी आपला हात धरला तर मात्र चारही मजल्यांचे दरवाजे धाडधाड उघडावेत. मागणी चुकीची आहे का? मला तरी वाटत नाही. फक्त ती पूर्ण कशी करायची, हे आपण कधी बसून ठरवलेलं नाही.

गल्लीला डोळे होते

साखर पेठेकडून पूर्व भागात शिरा. घराघरात यंत्रमागाची खटखट, दाराशी सुपात पानं घेऊन विड्या वळणाऱ्या बायका, ओट्यावर बसलेले आजोबा. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी अशा चार भाषांत गल्लीची बातमी फिरते. तिथं परका माणूस दहा पावलं चालला तर अकराव्या पावलाला 'कोण पाहिजे ओ?' असा प्रश्न येतोच. वॉचमन नाही, कॅमेरा नाही, तरी पोरं अंधार पडेपर्यंत रस्त्यावर खेळतात.

याला अमेरिकेत एका बाईंनी नाव दिलं. जेन जेकब्स. १९६१ साली आलेल्या 'द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज' या पुस्तकात त्यांनी लिहिलं की रस्ता सुरक्षित राहतो तो आधी तिथल्या माणसांच्या नजरेमुळे. पोलीस त्यानंतर येतात. 'रस्त्यावरचे डोळे' ही त्यांची कल्पना पुढे जगभर गाजली.

पण त्याच पुस्तकात त्यांनी एक दुसरी गोष्टही सांगितलीय, जी फारशी कुणी सांगत नाही. न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या रस्त्यावरची माणसं परगावी जाताना घराची किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे ठेवायची. मित्र येईल, त्याला द्या, एवढंच सांगायचं. सगळे त्याच्याकडेच का ठेवायचे? कारण तो किल्ली जबाबदारीनं सांभाळायचा, आणि तुमच्या घरी कोण येतंय, कशाला येतंय, याची चौकशी करायचा नाही. दोन्ही गुण एकाच माणसात!

आपल्या गल्लीतला प्रॉब्लेम नेमका इथं आहे. आपले दुकानदार, काका, काकू, वॉचमन किल्ली जिवापाड सांभाळतात. पण तोंडाला कुलूप नसतं! पूर्व भागातल्या एका मैत्रिणीला विचारलं तर ती सरळ म्हणाली, 'माझ्या गल्लीत मला कुणी त्रास देणार नाही, याची शंभर टक्के गॅरंटी. पण मी कुणाच्या बाइकवरून आले, हे मी घरी पोचायच्या आधी घरी पोचतं.' म्हणून जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोडकडच्या अपार्टमेंटमध्ये राहायला आलं की आधी सुटल्यासारखं वाटतं. दार लावलं की आपण आणि आपलं घर. मग सहा महिन्यांनी लक्षात येतं की शेजारच्या दारावरची पाटी सोडून आपल्याला त्या घरातलं काहीच माहीत नाही.

कॅमेरा कुणाकडे बघतोय?

ओळख कमी झाली की कॅमेरा येतो. पार्किंगमधून गाडीचं पेट्रोल चोरीला गेलं, मीटिंग झाली, वर्गणी निघाली, गेटवर आणि पार्किंगमध्ये कॅमेरे बसले. इथपर्यंत ठीकच. बिल्डिंगची सामाईक जागा, सगळ्यांच्या संमतीनं लावलेला कॅमेरा, कुणाची तक्रार असायचं कारण नाही.

भानगड होते ती खासगी कॅमेऱ्यांची. आता दोन-अडीच हजारांत मोबाइलवर दिसणारा कॅमेरा मिळतो. मी राहते त्या विजापूर रोडच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकानं आपल्या दारावर असा कॅमेरा लावला. हेतू साधा, बाहेर ठेवलेल्या चपला आणि कुरिअर नीट राहावेत. पण कॅमेऱ्याची नजर थेट समोरच्या दारावर. त्या घरात दोन नोकरी करणाऱ्या मुली. दार उघडलं की हॉल दिसतो. सकाळी दूध घ्यायला नाइट ड्रेसवर दार उघडायचं म्हटलं तरी त्यांना ओढणी शोधावी लागायची. भांडण नको म्हणून दोन महिने दोघी गप्प राहिल्या. मग एका संध्याकाळी त्यांनी त्या घरातल्या वहिनींना चहाला बोलावलं आणि म्हणाल्या, 'वैनी, तुमच्या मोबाइलवर आमचं घर कसं दिसतं, जरा दाखवा ना.' वहिनींनी बघितलं. दुसऱ्या दिवशी कॅमेरा खाली वळला. आता त्याला फक्त चपला आणि पायपुसणं दिसतं, आणि कुरिअरही शाबूत आहेत!

प्रत्येक ठिकाणी चहावर भागत नाही, म्हणून कायदाही थोडा माहीत असावा. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. त्या पीठात धनंजय चंद्रचूड आणि शरद बोबडे ही मराठी नावंही होती, आणि दोघंही पुढे सरन्यायाधीश झाले. आता कुणी म्हणेल, हे सरकारविरुद्धच्या भांडणापुरतं, शेजाऱ्यांना काय त्याचं? तर २०२५ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयानं एकाच घरात राहणाऱ्यांच्या वादात सांगितलं की राहत्या भागात सहरहिवाशांच्या संमतीशिवाय कॅमेरे चालू ठेवणं हा त्यांच्या खासगीपणावर घाला आहे. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये त्यात ढवळाढवळ करायला नकार दिला. आणि एखाद्या बाईला तिच्या खासगी क्षणी चोरून बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा तर सरळ गुन्हाच आहे. २०१३ मध्ये तो कायद्यात आला, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. 'सेफ्टीसाठी लावलाय हो' हे उत्तर तिथं चालत नाही.

भाडेकरू म्हणजे आरोपी नव्हे

या शहरात भाड्यानं फ्लॅट शोधणाऱ्या प्रत्येक सिंगल मुलीला एक मुलाखत द्यावी लागते. नोकरीची मुलाखत बरी, असं वाटायला लागतं. लग्न कधी? ऑफिसमधून किती वाजता सुटता? मित्र येतात का? आई-वडील इथं का राहत नाहीत? मीही ती देऊन पास झालेय. बॅचलर मुलांचे हाल वेगळे, त्यांना तर फोनवरच 'फॅमिलीलाच देतो' असं ऐकावं लागतं.

घरमालकाची काळजी खोटी नसते. घरात कोण राहतंय, हे त्याला माहीत हवं. त्यासाठी सरळ रस्ता आहे. रीतसर करार करा, ओळखपत्र घ्या, भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ती ऑनलाइन भरता येते. अनेक शहरांत पोलीस तसे आदेशही काढतात. ही झाली सुरक्षितता. पण एकदा एवढं केल्यावर ती मुलगी रात्री नऊला येते की अकराला, याचा बिल्डिंगच्या सुरक्षेशी काय संबंध? उलट, ती अकराला येते हे वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत असणं हाच तिच्यासाठी खरा धोका आहे!

गेटवरच्या रजिस्टरचंही तसंच. येणाऱ्याचं नाव, कुणाकडे, किती वाजता, हे लिहा की. पण ते रजिस्टर टेबलावर उघडं पडलेलं असतं. कुरिअरवाला सही करता करता वरची दहा नावं आणि मोबाइल नंबर आरामात वाचून जातो. ही वही सुरक्षेसाठी आहे ना? मग ती मिटून ठेवायला काय हरकत आहे?

ग्रुपवर आला 'संशयित'

आता सगळ्यात नाजूक विषय. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. सकाळी गुड मॉर्निंगची फुलं, दुपारी पाण्याचा टँकर, आणि संध्याकाळी एखादा फोटो: 'हा माणूस बी विंगजवळ फिरताना दिसला. सावध राहा!!!' आमच्या ग्रुपवर असा एक फोटो आला होता. अर्ध्या तासात तो तीन अपार्टमेंटच्या ग्रुपवर फिरला. तो गृहस्थ निघाला पाण्याच्या टाक्या साफ करणारा, आणि त्याला आमच्याच सेक्रेटरींनी बोलावलं होतं! फोटो डिलीट झाला, पण फक्त आमच्या ग्रुपवरून. बाकीच्या दोन ठिकाणी तो अजून 'संशयित'च असेल.

हसण्यावारी नेऊ नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे होते. बहुतेक जण आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा मोबाइलवरून राज्यभर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात अशाच अफवेच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारले गेले. राईनपाड्यातल्या आणि गडचिंचल्यातल्या जमावालाही आपण गाव वाचवतोय असंच वाटत असणार.

आणि एखाद्या अख्ख्या जमातीवर पाळत ठेवून शहर सुरक्षित करायचा प्रयोग म्हणाल, तर तो सोलापुरात होऊन गेलाय. आपण रोज 'सेटलमेंट' म्हणतो ना, त्या नावामागे काय आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यात काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं. बाहेर जायचं तर परवानगी, आल्यावर हजेरी. त्यातले कितीतरी जण आपल्या शहराच्या गिरण्यांत घाम गाळायचे आणि पुन्हा कुंपणाआड परतायचे. काय गुन्हा केला, हा प्रश्नच नव्हता. कुणाच्या पोटी जन्मलास, एवढंच बघायचं. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभर रद्द झाला. 'विमुक्त' हा शब्द तिथूनच आला. पण सात दशकं उलटून गेल्यावरही एखाद्या मुलानं नोकरीच्या अर्जावर किंवा भाड्याच्या करारावर त्या भागातला पत्ता लिहिला की समोरच्याच्या भुवया किंचित वर जातात. कायद्यानं तार काढली, नजरेतली काढायला वेळ लागतोय.

म्हणून एक साधा फरक लक्षात ठेवायचा. 'कोण आहे' यावर नको, 'काय करतोय' यावर लक्ष द्या. कुणी कुलूप तोडतोय, गाड्यांची हँडल ओढून बघतोय, एखाद्या मुलीच्या मागे जिन्यापर्यंत येतोय, तर लगेच ११२ लावा. पण कपडे मळके आहेत, भाषा वेगळी आहे, नाव वेगळं आहे, झोळी खांद्यावर आहे, ही काही घटना नव्हे. आणि फोटो काढून ग्रुपवर टाकण्याआधी त्याच माणसाला 'कोण पाहिजे काका?' असं विचारायला किती वेळ लागतो? विडी वळणारी आजी हेच तर करत होती!

भिंतीपलीकडचा आवाज

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, चला, म्हणजे दुसऱ्याच्या घरात लक्षच घालायचं नाही. थांबा! कारण 'तो त्यांचा घरगुती मामला आहे' हे वाक्य आपल्याकडे फार सोयीचं झालंय. जी मंडळी शेजारच्या मुलीचा बॉयफ्रेंड मोजतात, तीच मंडळी भिंतीपलीकडून मारहाणीचा आवाज आला की टीव्हीचा आवाज वाढवतात. चौकशी करायची तिथं प्रायव्हसी आठवते, आणि प्रायव्हसी द्यायची तिथं काळजी!

२००८ मध्ये ब्रेकथ्रू नावाच्या संस्थेनं 'बेल बजाओ' ही मोहीम काढली होती. तिच्या जाहिराती आठवत असतील. शेजारच्या घरातून बाईच्या रडण्याचा आवाज येतो. ऐकणारा उठतो, जातो, बेल वाजवतो. दार उघडणाऱ्या नवऱ्याकडे कधी दूध मागतो, कधी चेंडू. भांडण नाही, उपदेश नाही. फक्त आतल्या माणसाला कळतं की बाहेर ऐकू जातंय. बस्स. त्या एका बेलनं मार थांबतो, निदान त्या क्षणापुरता.

बेल वाजवायला भीती वाटत असेल तर कायदा तुमच्या बाजूनं आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४ प्रमाणे असा छळ होत असल्याचं वाटायला ज्याला कारण आहे, तो कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. चांगल्या हेतूनं कळवलं तर त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, जिवावर बेतलं असेल तर ११२.

मग आपण का उठत नाही? १९६८ मध्ये जॉन डार्ली आणि बिब लतानी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की ऐकणारे जितके जास्त, तितकी एकेकट्यानं मदतीला धावण्याची शक्यता कमी. प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी फोन करेलच. सोळा फ्लॅटची बिल्डिंग म्हणजे 'दुसरा कुणीतरी' म्हणणारी सोळा घरं!

पण इथंही एक पथ्य आहे. बेल वाजवा, फोन करा, पण ते ग्रुपवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये चारचौघांसमोर 'काल काय झालं हो?' असं विचारू नका. एकटी भेटली की हळूच म्हणा, 'काही लागलं तर कधीही दार वाजव.' पुढचं पाऊल कधी उचलायचं, हे तिला ठरवू द्या. जीव धोक्यात असेल तेव्हाची गोष्ट वेगळी, तेव्हा विचारत बसायचं नाही.

मुलं हिंजवडीत, आई-बाबा सोलापुरात

हा प्रश्न आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या घरातला आहे. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस कितीतरी वर्षं सोलापूरची पोरं पुण्याला नेऊन सोडतेय. मागे राहतात आई-बाबा, थ्री बीएचके आणि गुडघेदुखी. मग दिवाळीला आलेला मुलगा जाता जाता हॉलमध्ये कॅमेरा लावून जातो. 'काळजी वाटते गं.' खरंच वाटते. पण एका ओळखीच्या काकूंनी मला जे सांगितलं ते विसरता येत नाही. 'दुपारी पाय पसरून, पदर सोडून टीव्ही बघत बसायचे. आता बसत नाही. कोण जाणे, मीटिंगमध्ये तो मोबाइल उघडून बघत असेल!' स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलाच्या नजरेखाली त्या अवघडून बसतात. आणि त्या पडल्याच, तर मुलाला ते अडीचशे किलोमीटरवरून दिसणार. उचलायला कोण येणार? शेजारीच ना?

म्हणून कॅमेरा लावायचाच असेल तर आईला विचारून, तिला बंद करता येईल असा लावा. आणि त्याआधी शेजारी जाऊन चहा प्या. एक जादा किल्ली तिथं ठेवा. दोन नंबर लिहून द्या, तुमचा आणि डॉक्टरांचा. त्यांचा रोजचा एक खूण-संकेत ठरवून घ्या. आमच्याकडे तळमजल्यावरचे आजोबा सकाळी सातला पेपर आत घेतात. आठपर्यंत पेपर बाहेर दिसला की समोरचे बेल वाजवतात. आत काय चाललंय हे कुणी बघत नाही, फक्त पेपर बघतात. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइनही आहे, तोही नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

काही माहिती शेजाऱ्यांना असायलाच हवी, हेही तितकंच खरं. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ जण गेले. कारखान्याच्या आवारातच राहणारी माणसं त्यात होती, लहान मूलही होतं. कुठल्याही आगीत बाहेरच्यांपुढे पहिला प्रश्न असतो, आत कोण आहे? तुमच्या घरात रात्री किती जण झोपतात, त्यात अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का, गॅस सिलिंडर कुठं आहे, एवढं समोरच्या एका घराला माहीत असू द्या. तुमचा पगार, तुमचं लग्न, तुमची जात नाही माहीत झाली तरी चालेल!

मला वाटतं, प्रत्येकानं एकदा स्वतःला विचारून बघावं. आपल्या बिल्डिंगमध्ये मी बिनधास्त किल्ली कुणाकडे ठेवेन? असं एखादं तरी दार सापडलं तर तुम्ही नशीबवान. आणि मग जरा अवघड प्रश्न. माझ्याकडे किल्ली ठेवावी, असं कुणाला वाटतं का?

एवढं जमेल?

• कॅमेऱ्याची नजर आपलं दार, आपली गाडी, आपलं गेट एवढ्यावरच. लावल्यावर शेजाऱ्याला मोबाइलवर दाखवा, काय दिसतं ते.

• बिल्डिंगच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कोण बघणार आणि किती दिवस ठेवणार, हे मीटिंगमध्ये ठरवून नोटिस बोर्डावर लावा.

• ग्रुपवर घटना लिहा, माणसाचा फोटो नको. 'पार्किंगमध्ये रात्री दोनला दोन गाड्यांची कुलुपं तोडली' हे कामाचं. 'हा माणूस बरोबर वाटत नाही' हे बिनकामाचं.

• गेटवरचं रजिस्टर मिटलेलं असू द्या. कोण घरी आहे, कोण गावाला गेलंय, हे वॉचमननं आणि दुकानदारानं कुणालाही सांगायचं नाही, हे त्यांना प्रेमानं सांगा.

• भाडेकरूची कागदपत्रं पूर्ण घ्या, पोलिसांत माहिती द्या. त्यानंतर प्रश्न बंद!

• मारहाणीचा आवाज आला की बेल वाजवा. 'दुसरा कुणीतरी' तुम्हीच आहात.

• शेजाऱ्याबद्दल काही खटकलं तर आधी त्याच्याशी बोला. त्याच्या तोंडावर सांगता येत नसेल, तर ग्रुपवरही लिहू नका.

• या रविवारी समोरच्या घरी जा. हवं तर शेंगाचटणीची पुडी घेऊन जा. नाव विचारा, नंबर घ्या, आणि दहा मिनिटांत परत या!